नेम, नाभी आणि रामबाण

'सोनोग्राफी' हा शब्द महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तालुक्याच्या गावातल्या दवाखान्याच्या पाटीवरही तो असतो आणि जवळच 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही कायद्याने सक्तीची केलेली सूचना असते. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, तो १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४चा. त्यामुळे या एका शब्दाभोवती आपल्याकडे हुरहुर आहे, आनंद आहे आणि धाकही आहे. पण सोनोग्राफी म्हणजे आत डोकावून बघणं, एवढाच अर्थ आपल्या मनात पक्का बसला आहे. त्याच जातीच्या ध्वनीने उपचारही करता येतात. औषध भरलेले अतिसूक्ष्म कण रक्तात सोडायचे आणि शरीरात जिथे हवं तिथेच ध्वनीच्या जोरावर ते उघडायचे, अशी ही पद्धत आहे. ती आता प्रयोगशाळेतून रुग्णांपर्यंत येऊ लागली आहे. उद्या ती आपल्या माणसाला मराठीत समजावून सांगायची वेळ येईल. त्यासाठी कोणते शब्द आपल्या हाताशी आहेत, ते कुठून आले आणि त्यांतला कोणता शब्द फसवा आहे, हे आजच पाहून ठेवायला हवं.

सोनोग्राफीपासूनच सुरुवात करू. यातला 'सोनो' लॅटिन 'सोनुस'वरून आला. सोनुस म्हणजे ध्वनी. 'ग्राफी' ग्रीक आहे, अर्थ लिहिणं किंवा रेखाटणं. शब्द परका वाटतो, पण सोनुस आणि संस्कृतातला 'स्वन' एकाच इंडो-युरोपीय धातूपासून निघाले आहेत. मराठीच्या व्याकरणाचा आधुनिक अभ्यास करणारे 'स्वन', 'स्वनिम', 'स्वनविज्ञान' हे शब्द रोज वापरतात. म्हणजे दवाखान्यातली सोनोग्राफी आणि भाषाशास्त्राच्या तासाला येणारा स्वनिम हे दूरचे भाऊबंद आहेत.

शाळेच्या पुस्तकात अल्ट्रासाउंडला 'श्राव्यातीत ध्वनी' म्हटलं आहे. श्रु म्हणजे ऐकणं, त्यावरून ऐकता येण्याजोगं ते श्राव्य. 'अतीत' म्हणजे अति आणि इत, पलीकडे गेलेलं. कालातीत, शब्दातीत, गुणातीत या शब्दांतला अतीत हाच. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ या पट्ट्यातला ध्वनी ऐकू येतो. त्याच्या वरचा तो श्राव्यातीत. शब्द बांधेसूद आहे, पण तो ध्वनीबद्दल बोलतच नाही. आपला कान कुठे थांबतो एवढंच तो सांगतो. वटवाघळाच्या कानाला हा ध्वनी चांगला श्राव्य आहे. या ध्वनीच्या अंगी ताकद किती, तो काय काय करू शकतो, याचा पत्ता या नावातून लागत नाही.

तरीही या शब्दाबाबत मराठीने एक गोष्ट नीट केली. इंग्रजीत १९२०-३०च्या सुमारास 'सुपरसॉनिक' हा शब्द ऐकू न येणाऱ्या उच्च ध्वनीसाठी वापरला जाई. ध्वनीपेक्षा वेगाने उडणारी विमानं आली तेव्हा त्यांनी तो शब्द बळकावला आणि ध्वनीच्या वाट्याला 'अल्ट्रासॉनिक' राहिला. मराठीत हे दोन अर्थ वेगळे ठेवले गेले. ब्राह्मोस क्षेपणास्त्र 'स्वनातीत', कारण ते स्वनाच्या वेगापलीकडे जातं. तपासणीच्या खोलीतला ध्वनी 'श्राव्यातीत', कारण तो श्रवणापलीकडचा आहे. वेग आणि कंपनं या दोन वेगळ्या राशींसाठी दोन वेगळे शब्द घडवणाऱ्यांनी विचार करून काम केलं होतं.

आता या ध्वनीचा इतिहास. १८८० साली झाक आणि पिएर क्युरी या भावांना आढळलं की क्वार्ट्झसारखे काही स्फटिक दाबले की त्यांवर विद्युत प्रभार उमटतो. पाठोपाठ याच्या उलटही घडतं हे दिसून आलं, म्हणजे विद्युत दाब दिला की स्फटिक आकसतो आणि फुगतो. दाबणं या अर्थाच्या ग्रीक धातूवरून याला 'पिझो' हे नाव पडलं आणि मराठीत 'दाबविद्युत' असा सरळ शब्द झाला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झ थरथरवून पाण्यात श्राव्यातीत ध्वनीचा झोत सोडला, तेव्हा झोताच्या वाटेत आलेले मासे मेले. १९२७ साली वुड आणि लूमिस यांनी जिवंत पेशींवर होणारा या ध्वनीचा परिणाम पद्धतशीर नोंदवला. १९४२ साली अमेरिकेत लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकवटलेला ध्वनी ऊतीच्या आत खोलवर पोचवून दाखवला. ग्लासगोच्या इयन डोनल्ड यांचा पोटातल्या गाठी आणि गर्भ ध्वनीने दाखवणारा गाजलेला लेख त्यानंतरचा, १९५८चा. म्हणजे हा ध्वनी शरीराच्या आतलं 'दाखवतो' हे कळण्याच्या पुष्कळ आधी तो 'करतो' हे माणसाला कळलं होतं. 'सोनोग्राफी' या नावात त्याचं रेखाटण्याचं काम तेवढं राहिलं, करण्याचं निसटलं.

एकवटलेल्या ध्वनीकडे येताना एक सुंदर शब्द भेटतो, तो म्हणजे 'नाभी'. भिंगातून किरण जिथे एकत्र येतात त्या बिंदूला आपलं शालेय भौतिकशास्त्र नाभी म्हणतं. युरोपात त्यालाच 'फोकस' म्हणतात. लॅटिनमध्ये फोकस म्हणजे चूल. केपलरने १६०४ साली प्रकाशशास्त्रात हा शब्द आणला. भिंगाने एकवटलेल्या उन्हात कागद पेटतो, त्यावरून त्याला तो सुचला असावा असं मानतात. आपण मात्र शरीरातली बेंबी आणि चाकाचा मधला तुंबा सुचवणारा शब्द घेतला. एकाने आग पाहिली, दुसऱ्याने मध्य पाहिला. ध्वनीने उपचार करताना दोन्ही अर्थ खरे ठरतात. पोटावर ठेवलेल्या साधनातून निघालेला ध्वनी वाटेतल्या कातडीला, चरबीला, स्नायूला फारसा धक्का न लावता आत जातो आणि नाभीपाशी एकवटून तिथलं तापमान वाढवतो. झोत तीव्र असेल तर तिथली ऊती शिजून मरते. सौम्य असेल तर ऊती चार-पाच अंशांनी कोमट होते, एवढंच. 'केंद्रित ध्वनी' म्हटलं तरी चालतं, पण 'केंद्र' हा शब्द संस्कृताने ज्योतिषाबरोबर ग्रीकांकडून घेतला आणि ग्रीकात 'केंट्रॉन' म्हणजे टोकदार आर किंवा नांगी. बाहेरून टोचल्याशिवाय आत टोचणारा हा ध्वनी पाहिला की ते मूळही अर्थपूर्ण वाटतं.

आता कणांकडे वळू. 'नॅनो'चं मूळ ग्रीक 'नानोस', म्हणजे बुटका माणूस. १९६० साली वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने हा उपसर्ग अब्जाव्या भागासाठी अधिकृतपणे स्वीकारला. १९७४ साली नोरिओ तानिगुची या जपानी अभियंत्याने 'नॅनोटेक्नॉलॉजी' हा शब्द वापरला. आपल्याकडे 'अब्जांश तंत्रज्ञान' असा शब्द घडवला गेला. तो ग्रीक शब्दापेक्षा जास्त नेमका आहे, कारण बुटका म्हणजे किती बुटका हे नॅनो सांगत नाही, अब्जांश ते सांगतो : एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक. व्यवहारात मात्र नॅनोच जिंकला. २००८ साली टाटांनी मोटार दाखवली आणि तो घरोघरी गेला. २०२१ नंतर 'नॅनो युरिया'च्या अर्ध्या लिटरच्या बाटलीतून तो शेताच्या बांधावर पोचला. बाजाराने त्याचा अर्थ 'लहान' एवढाच केला. औषधात मात्र आकडाच सगळं ठरवतो. कण मोठा असेल तर तो शरीरात अडकतो, फारच लहान असेल तर मूत्रपिंडातून गळून जातो. उपचारांत वापरले जाणारे पुष्कळ कण १०० नॅनोमीटरच्या आसपास असतात.

'कण' हा शब्द मात्र अस्सल घरचा आहे. तांदळाची कणी, कणसाचे दाणे, भाकरतुकड्याचा कण आणि हिऱ्याची हिरकणी. कणाद ऋषींचं नाव कण आणि अद, म्हणजे दाणे वेचून खाणारा, असं फोडतात. याच ओळीतल्या अणू आणि रेणूंबाबत एक सावधगिरी हवी. मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. म्हणून हिंदी माहितीपत्रकातला 'दवा का अणु' मराठीत जसाच्या तसा उतरवला तर औषधाचा रेणू अणू होऊन बसतो. नॅनोकण या दोहोंपेक्षा पुष्कळ मोठा असतो. त्याच्या पोटात औषधाचे हजारो रेणू बसतात.

अशा कणांतला सर्वांत मुरलेला कण म्हणजे लायपोसोम. ग्रीकात लिपोस म्हणजे चरबी आणि सोमा म्हणजे देह. ॲलेक बँगम यांनी १९६०च्या दशकात ओळखलेली ही मेदाची पिशवी आहे. आपल्या पेशींचं आवरण ज्या द्रव्याचं असतं, त्याच द्रव्याची ती बनते. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध लायपोसोममध्ये भरून द्यायला अमेरिकेत १९९५ साली परवानगी मिळाली. त्यामागे मोठी आशा होती. १९८६ साली जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं होतं की गाठीतल्या रक्तवाहिन्या झिरपणाऱ्या असतात, त्यामुळे मोठे कण तिथे साचतात. पण २०१६ साली आधीच्या दहा वर्षांतले प्रयोग, त्यातले बहुतेक उंदरांवरचे, एकत्र तपासले गेले तेव्हा टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचणाऱ्या भागाचा मध्यक ०.७ टक्के निघाला. शंभर भाग टोचावेत आणि गाठीत एकही पुरता पोचू नये. बाकीचे बहुतांशी यकृत आणि प्लीहा गिळतात. कण कितीही चांगला असला तरी तो आपण होऊन पत्त्यावर जात नाही. ध्वनीची गरज नेमकी इथे लागते.

याचं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण ऑक्सफर्डचं आहे. तिथे झालेली आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेली 'टार्डॉक्स' ही चाचणी दहा रुग्णांवरची होती. सगळ्यांच्या यकृतात गाठी होत्या. डॉक्सोरुबिसिन भरलेले, उष्णतेने उघडणारे लायपोसोम शिरेतून दिले गेले. हे लायपोसोम शरीराच्या ३७ अंशांना मिटलेले राहतात आणि सुमारे ३९.५ अंशांपुढे औषध सोडतात. रुग्णाला भूल देऊन, पोटाच्या बाहेरून, एकवटलेल्या ध्वनीने गाठ तेवढी कोमट केली. मग गाठीचा तुकडा काढून त्यात औषध किती आहे हे ध्वनीच्या आधी आणि नंतर मोजलं. दहापैकी सात जणांच्या गाठीत औषधाचं प्रमाण दोन ते दहा पट झालं होतं आणि सगळ्यांची सरासरी वाढ ३.७ पट होती.

या प्रयोगात नेम कुणाचा होता? कणाचा नव्हता. लायपोसोम रक्ताबरोबर सगळ्या अंगभर फिरत होते, बोटाच्या टोकापासून मेंदूपर्यंत. नेम होता ध्वनीचा. औषध कुठे सुटावं हे नाभीने ठरवलं. काही कणांवर प्रतिपिंडं चिकटवून त्यांना विशिष्ट पेशी ओळखायला लावतात, पण ते कणही रक्ताच्या ओघातच वाहतात. 'टार्गेटेड नॅनोकण' हा शब्दप्रयोग कानावर पडला की डोळ्यांपुढे स्वतःहून गाठ शोधत जाणारा बाण उभा राहतो. तसं घडत नाही.

ध्वनी आणि कण यांची दुसरी जोडी बुडबुड्याची. संस्कृत 'बुद्बुद' पाण्याच्या आवाजावरून आला आणि मराठीत बुडबुडा झाला. आपल्या भाषेत तो क्षणभंगुरतेचं प्रतीक आहे. औषधशास्त्राने मात्र त्याला कामाला लावलं. १९६८ साली ग्रॅमियाक आणि शाह यांनी लिहिलं की हृदयाजवळ टोचलेल्या द्रवामुळे ध्वनिचित्रात ढगासारखे प्रतिध्वनी उमटतात. ती करामत द्रवातल्या बारीक बुडबुड्यांची होती. आजचे सूक्ष्म बुडबुडे एक ते दहा मायक्रोमीटरचे असतात. आत जड वायू, बाहेर मेदाचं किंवा प्रथिनाचं पातळ कवच. ध्वनीच्या प्रत्येक लाटेबरोबर ते फुगतात आणि आकसतात, सेकंदाला लाखो वेळा. सौम्य ध्वनीत ते रक्तवाहिनीच्या भिंतीला हलके हेलकावे देतात, तीव्र ध्वनीत कोसळून फुटतात. पाण्यातली पोकळी कोसळताना केवढा दाब निर्माण होतो याचं गणित लॉर्ड रॅली यांनी १९१७ साली मांडलं होतं. तेव्हा प्रश्न जहाजांच्या पंख्यांची झीज हा होता. त्याच गणिताने आज डॉक्टर ध्वनीची मात्रा आवरून धरतात.

या बुडबुड्यांचा सर्वांत मोठा उपयोग मेंदूत आहे. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की बहुतेक औषधं पलीकडे जातच नाहीत. याला ग्रंथांत 'रक्त-मेंदू रोध' म्हणतात. मला त्याऐवजी 'अडसर' हा शब्द सुचवावासा वाटतो. अडसर म्हणजे जुन्या वाड्याच्या दारामागे आतून आडवा सरकवायचा लाकडी वासा. तो घरच्यांच्या रक्षणासाठी असतो, तोडायचा नसतो. सरकवायचा आणि काम झालं की परत लावायचा. २००१ साली कुलेर्व्हो ह्युनिनेन यांच्या गटाने सशांवर दाखवलं की बुडबुडे रक्तात असताना कवटीत एकवटलेला ध्वनी हा अडसर तेवढ्याच जागी आणि इजा न करता सरकवतो, आणि काही तासांत तो पुन्हा बसतो. २०१५च्या नोव्हेंबरात टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयात मेंदूत गाठ असलेल्या रुग्णावर, कवटी न उघडता, हे पहिल्यांदा केलं गेलं. 'रोध फोडला' असं वृत्तपत्रात लिहिलं तर वाचणाऱ्या रुग्णाच्या पोटात गोळा येईल. 'अडसर सरकवला' असं लिहिलं तर घडलं तेच त्याला कळेल.

हे सगळं परदेशातच चाललं आहे असं नाही. पवईच्या आयआयटीत रिंती बॅनर्जी यांच्या गटाने श्राव्यातीत ध्वनीला प्रतिसाद देणाऱ्या औषधी नॅनोकणांवर संशोधन केलं आहे. म्हणजे या विषयाचं मराठी नामकरण ही मुंबईच्या दारात आलेली गरज आहे.

आता मुख्य शब्दाकडे येऊ. 'टार्गेटेड'ला पारिभाषिक कोशाच्या वळणाने 'लक्ष्यवेधी' म्हणता येईल. संस्कृतात लक्ष म्हणजे खूण, नेमाची जागा, आणि एक लाख ही संख्यासुद्धा. मराठीत लक्ष्य म्हणजे नेमाची वस्तू आणि लक्ष म्हणजे अवधान, अशी वाटणी झाली. पण ती लिहिताना टिकत नाही. विधिमंडळातली 'लक्षवेधी सूचना' सगळ्यांना ठाऊक असल्याने 'लक्ष्यवेधी उपचार' चटकन 'लक्षवेधी उपचार' होतो आणि त्याचा अर्थ डोळ्यांत भरणारा उपचार असा निघतो. रुग्णाच्या कागदावर हा शब्द नको.

वृत्तपत्रांचा आवडता शब्द दुसराच आहे, 'रामबाण'. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत पॉल एर्लिख यांनी रोगजंतूला गाठून शरीराला न दुखवणाऱ्या औषधाची कल्पना मांडली आणि तिला 'जादूची गोळी' म्हटलं. उपदंशावरचं साल्व्हरसान हे औषध १९१० साली त्याच वाटेने आलं. कधी न चुकणारी गोळी ही जर्मन लोककथांतली जुनी कल्पना आहे. वेबरच्या १८२१च्या संगीतिकेत अशा सात गोळ्या आहेत. सहा नेमबाजाच्या मनाप्रमाणे जातात आणि सातवी सैतानाच्या मर्जीने. आपला रामबाणही न चुकणारा, पण त्याचा अर्थ वेगळ्या वाटेने गेला. मराठीत 'रामबाण उपाय' म्हणजे हमखास बरं करणारा. दुसऱ्या कुणाला न लागणारा, हा अर्थ त्यात उरला नाही. नेम राहिला मागे, खात्री आली पुढे.

नेम साधणं आणि गुण येणं या दोन गोष्टी निराळ्या आहेत. 'औषधाला गुण आला' असं आपण म्हणतो. गुण म्हणजे संस्कृतात दोरीचा पदर, धनुष्याची दोरीसुद्धा, मग धर्म आणि मग परिणाम. दोरी ताणून बाण सुटला तरी पुढचा परिणाम ठरलेला नसतो. ऑक्सफर्डच्या चाचणीत वापरलेलं लायपोसोमचं तेच औषध यकृताच्या कर्करोगाच्या ७०१ रुग्णांच्या चाचणीतही तपासलं गेलं होतं. तिथे गाठ ध्वनीऐवजी रेडिओलहरींनी तापवली होती. २०१३च्या जानेवारीत निकाल आला की रोग पुन्हा वाढेपर्यंतचा काळ ठरल्याइतका लांबला नाही. ऑक्सफर्डच्या चाचणीनेही औषध गाठीत जास्त पोचतं हेच मोजलं, आयुष्य वाढतं असं सिद्ध केलं नाही. तो दावा संशोधकांनी केला नाही आणि शब्दांनीही करू नये.

म्हणून मला या सगळ्या शब्दांत 'नेम' सर्वांत खरा वाटतो. तो संस्कृत 'नियम'वरून आला. नेमधर्मातला नेम हाच, नेमबाजीतला हाच आणि 'नेमका'चं मूळही हेच. त्याचबरोबर 'त्याचा काही नेम नाही' असं म्हणून अनिश्चितता कबूल करण्याची सोयही याच शब्दात आहे. तो शेतकऱ्याला कळतो, आजीला कळतो आणि खोटी आशा लावत नाही. मराठी संमतिपत्रात मला अशी वाक्यं हवी आहेत : 'औषध भरलेले बारीक कण शिरेतून दिले जातील आणि ते सगळ्या अंगात फिरतील. ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा नेम गाठीवर धरला जाईल. तिथे कण उघडतील आणि औषध जास्त करून तिथेच सुटेल. गुण किती येईल ते अजून तपासलं जात आहे.' या चार वाक्यांत कोशातला एकही अवघड शब्द नाही आणि घडणारं काही लपवलेलंही नाही. सही करणाऱ्या माणसाचा त्या सहीआधी एवढ्या स्पष्ट मराठीवर हक्क आहे, आणि तो पुरा करणं हे डॉक्टरांइतकंच मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाचं काम आहे.